काळी एकचा षड्ज आणि भिंतीपासूनचे दोन फूट

घरातल्या एखाद्या खोलीत गायन-वादनाचे मिक्सिंग करू पाहणारी मंडळी बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतात, की मॉनिटर, म्हणजे मिक्सिंग करताना ऐकायचे स्पीकर, कोणते घ्यावेत. मी उत्तरादाखल आधी खोलीची लांबी, रुंदी आणि उंची विचारतो. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या पाच इंची मॉनिटरांमध्ये आपसांत जेवढा फरक असतो, त्याहून कितीतरी मोठा फरक एकच मॉनिटर भिंतीपासून फूटभर पुढे-मागे सरकवल्याने पडतो, हे माझे ठाम मत आहे आणि ते मोजून दाखवता येते. हिंदुस्थानी संगीताच्या बाबतीत तर ते अधिकच ठळकपणे दिसते, कारण आपल्या संगीतात एक स्वर मैफल संपेपर्यंत हलत नाही. पाश्चात्त्य पद्धतीच्या गाण्यात बेसचा, म्हणजे सर्वांत खालचा, स्वर वरचेवर बदलतो आणि खोलीचा दोष त्या बदलत्या स्वरांमध्ये वाटला जातो. आपल्याकडे षड्ज, म्हणजे ‘सा’, अखंड वाजत असतो, आणि खोलीने नेमका तोच स्वर खाल्ला तर पुढचे सगळे ऐकणे त्या दोषावर उभे राहते.

उदाहरण काळी एकचेच, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीचेच घेऊ, कारण पुष्कळ पुरुष गायकांची ती पट्टी असते. या पट्टीतला मध्य षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्झचा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर या स्वराची तरंगलांबी जवळजवळ २.४८ मीटर येते. इतक्या लांब लहरीपुढे मॉनिटरची लहानशी पेटी आडवी येऊ शकत नाही. तो स्वर वूफरमधून, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूतून, केवळ समोर न जाता चहूकडे पसरतो, पेटीच्या मागच्या भिंतीवर आपटतो आणि परत आपल्याकडे येतो. मॉनिटरचा दर्शनी भाग भिंतीपासून पाव तरंगलांबीवर, म्हणजे ६२ सेंटिमीटरवर असेल, तर परतणाऱ्या लहरीला जाऊन-येऊन अर्धी तरंगलांबी जास्त चालावी लागते, ती उलट्या फेजमध्ये, म्हणजे एकीचा चढ तेथे दुसरीचा उतार अशी, पोहोचते आणि थेट येणाऱ्या लहरीला खोडून काढते. ६२ सेंटिमीटर म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त. ‘मॉनिटर भिंतीपासून निदान दोन फूट तरी पुढे घ्या’ हा सल्ला सर्वत्र दिला जातो, आणि तो तंतोतंत पाळणाऱ्याच्या खोलीत काळी एकच्या षड्जाच्या जागी खड्डा पडतो.

त्याचा परिणाम काय होतो, हे अनेक मिक्समध्ये ऐकू येते. गायकाचा आवाज मुळात भरदार असूनही मिक्स करणाऱ्याला तो पोकळ भासतो, म्हणून तो १४० हर्ट्झच्या आसपास इक्वलायझरने (निवडक वारंवारिता कमी-जास्त करण्याच्या साधनाने) तीन-चार डेसिबल वाढवतो. त्याच्या खुर्चीवर आवाज ठीक वाटू लागतो. दुसऱ्याच्या घरी, गाडीत किंवा सभागृहात मात्र तोच आवाज घुमतो, तानपुऱ्याची जोडी (षड्जाच्या दोन मधल्या तारा) गायकाच्या अंगावर येते आणि शब्द मागे पडतात. स्त्री-गायिकांच्या पट्टीत हेच गणित थोडे वर सरकते. काळी चारचा षड्ज सुमारे २०८ हर्ट्झचा, त्याची पाव तरंगलांबी ४१ सेंटिमीटर. काळी पाचचा सुमारे २३३ हर्ट्झचा, त्याची ३७ सेंटिमीटर.

मग मॉनिटर ठेवावेत तरी कोठे? भिंतीपासून इतके दूर, की खड्डा ऐकण्याच्या पट्ट्याच्या खाली निघून जावा, हा एक मार्ग; पण त्यासाठी दोन मीटरहून जास्त जागा मागे सोडावी लागते आणि आपल्या सदनिकांमधल्या खोल्यांत ती नसते. दुसरा मार्ग उलट दिशेचा आहे आणि लहान खोलीत मला तोच योग्य वाटतो. मॉनिटर भिंतीच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यावेत, म्हणजे खड्डा वरच्या वारंवारितांकडे सरकतो, आणि तेथे तो भिंतीवरच्या शोषक थराच्या आवाक्यात येतो. पाच इंची मॉनिटरची खोली साधारण २२ सेंटिमीटर असते. त्याच्या मागे दहा सेंटिमीटर जाडीचा रॉकवूलचा (दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या तंतूंचा) थर आणि तारांसाठी थोडी फट धरली, तर दर्शनी भाग भिंतीपासून ३५ सेंटिमीटरवर येतो आणि खड्डा २४५ हर्ट्झच्या जवळ जातो. दहा सेंटिमीटर रॉकवूल या वारंवारितेला चांगले शोषते. १४० हर्ट्झला त्याचे काम बरेच कमी पडते. भिंत जवळ आल्याने खालचे स्वर फुगतात हे खरे, पण ती फूग मॉनिटरच्या पाठीमागच्या बटणाने उतरवता येते. यामाहाच्या एचएस मालिकेत ‘रूम कंट्रोल’ नावाचे बटण असते, त्यावर उणे दोन आणि उणे चार डेसिबल असे दोन टप्पे आहेत. इतर कंपन्यांच्या मॉनिटरांवरही या कामाची बटणे असतात. फूग उतरवता येते, खड्डा भरून काढता येत नाही, हा फरक पुढे इक्वलायझरपाशी पुन्हा लागेल.

आता खुर्ची. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच अशी खोली धरू. पुण्या-मुंबईच्या इमारतींत असे आकार सर्रास आढळतात. समोरासमोरच्या दोन भिंतींमधल्या अंतराची दुप्पट ही ज्या स्वराची तरंगलांबी असते, तो स्वर त्या भिंतींमध्ये अडकून उभा राहतो. या खोलीत लांबीमुळे ४७, रुंदीमुळे ५६ आणि उंचीमुळे ५९ हर्ट्झ अशा तीन जागा तयार होतात, आणि त्यांच्या दुपटी-तिपटीही होतात. लांबीची तिप्पट १४१ हर्ट्झवर येते, म्हणजे पुन्हा काळी एकच्या षड्जाच्या शेजारी. दहा बाय दहाच्या आणि जवळजवळ तितक्याच उंच खोलीत तर तिन्ही जागा एकमेकींवर पडतात. अशी खोली आणि दुसरी कोणतीही आयताकृती खोली यांत निवड करता येत असेल, तर मी डोळे मिटून दुसरी घेईन.

मॉनिटर आखूड भिंतीशी ठेवून खोलीच्या लांबीच्या दिशेने वाजवावेत, म्हणजे आपल्या पाठीमागची भिंत दूर राहते. खुर्ची लांबीच्या बरोबर मध्यावर नसावी, कारण तेथे ४७ हर्ट्झ जवळजवळ नाहीसा होतो. मागच्या भिंतीला टेकूनही नसावी, कारण तेथे सगळेच खालचे स्वर फुगतात. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्के अंतरावर बसावे, असा एक ठोकताळा ध्वनितंत्रज्ञांमध्ये रूढ आहे. बारा फुटांच्या खोलीत ते अंतर साडेचार फुटांच्या थोडे पुढे येते. सुरुवात तेथून करावी आणि मग कानाने व मापाने चार-सहा इंच इकडेतिकडे सरकावे. मॉनिटर ३५ सेंटिमीटरवर आणि डोके १.३९ मीटरवर असेल, तर समभुज त्रिकोणाची बाजू १.२ मीटर, म्हणजे चार फुटांच्या आत-बाहेर येते. डावा आणि उजवा मॉनिटर आपापल्या बाजूच्या भिंतीपासून सारख्याच अंतरावर हवेत, आणि हे अंतर अंदाजाने न घेता टेपने घ्यावे. एका बाजूला तीन फूट आणि दुसऱ्या बाजूला सव्वादोन अशी मांडणी असेल, तर गायक मध्यभागी बसला आहे की किंचित डावीकडे, याचा निवाडा त्या खोलीत होऊच शकत नाही.

मांडणी तपासण्यासाठी मी तानपुरा वापरतो, आणि हा आपल्याकडचा फार मोठा फायदा आहे. काळी एकच्या तानपुऱ्यात खर्ज (सर्वांत खालचा षड्ज) सुमारे ६९, मंद्र पंचम सुमारे १०४ आणि जोडी सुमारे १३९ हर्ट्झवर असते. लहान खोलीचे बहुतेक दोष याच पट्ट्यात दडलेले असतात. शिवाय जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या रुंद, किंचित गोलसर पृष्ठभागामुळे, त्या तारांमधून वरच्या स्वरांशांचा (मूळ स्वराबरोबर उमटणाऱ्या वरच्या स्वरांचा) दाट समूह सतत उमटत राहतो. तार छेडण्याच्या बिंदूमुळे जे स्वरांश नियमाप्रमाणे गैरहजर असायला हवेत, तेही तानपुऱ्यात आणि वीणेत स्पष्ट ऐकू येतात आणि त्याचे कारण घोडीच्या घडणीत आहे, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले होते. खालून वरपर्यंत इतका भरलेला आणि तरीही इतका स्थिर दुसरा आवाज मला माहीत नाही. मिरजेच्या चांगल्या तानपुऱ्याचे, एका मायक्रोफोनने जवळून घेतलेले मोनो ध्वनिमुद्रण जवळ असावे. त्यात खोलीचा घुमारा मिसळलेला नसावा.

ते मुद्रण दोन्ही मॉनिटरांतून सारख्या पातळीवर लावावे आणि खुर्चीवर बसून डोळे मिटावेत. तानपुरा दोन पेट्यांच्या बरोबर मधोमध, एका अरुंद जागी उभा असल्याप्रमाणे ऐकू यायला हवा. तो पसरट, जागा नसलेला आणि खालून पोकळ वाटला, तर एका मॉनिटरची तार उलट्या ध्रुवतेने (अधिक-उणे टोकांची अदलाबदल होऊन) जोडली गेली आहे का ते सर्वांत आधी पाहावे. मग खुर्चीवर बसल्या जागी सावकाश पुढे झुकावे आणि पुन्हा मागे रेलावे. खर्जाची तार वाजताना तिचे वजन एखाद्या वितीच्या अंतरात नाहीसे होत असेल, तर आपण खड्ड्याच्या काठावर बसलो आहोत. जोडीच्या दोन तारा सारख्याच जोराने छेडलेल्या असूनही पंचमापेक्षा त्या सतत दबलेल्या येत असतील, तर भिंतीपासूनचे अंतर पुन्हा मोजावे. खर्ज, पंचम आणि जोडी या तिघांचे परस्परांशी असलेले प्रमाण हेडफोनवर जसे ऐकू येते, त्याच्या शक्य तितके जवळ ते खुर्चीवर आणणे, एवढेच या टप्प्याचे काम आहे. पाच इंची मॉनिटर ६० हर्ट्झच्या खाली झपाट्याने उतरत जातो, त्यामुळे खर्जाचा मूळ स्वर त्याच्या मर्यादेजवळ असतो, हे लक्षात ठेवून अपेक्षा बेताची ठेवावी. तबल्यासाठी मात्र डग्ग्याची मींड नक्की ऐकावी: तळहात दाबत नेताना घुमारा एका सलग रेषेत वर चढला पाहिजे. मध्येच तो एखाद्या स्वरावर उसळला किंवा बुडाला, तर ती डग्ग्याची किंवा वादकाची करामत नसून खोलीची आहे.

ट्वीटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारे लहान भाग, कानाच्या उंचीवर यावेत आणि पेट्या किंचित आत वळवलेल्या असाव्यात, म्हणजे त्यांच्या रेषा डोक्याच्या थोड्या मागे एकमेकींना छेदतात. दोन-मार्गी (वूफर आणि ट्वीटर वेगळे असलेले) मॉनिटर आडवे झोपवून ठेवू नयेत. डोके थोडे हलले, की वूफर आणि ट्वीटर यांचे कानापासूनचे अंतर बदलते आणि जेथे त्यांचा जोड असतो त्या वारंवारितेत, म्हणजे आवाजातल्या व्यंजनांच्या पट्ट्यात, चढउतार होतात. मॉनिटर टेबलावर ठेवण्यापेक्षा टेबलामागे स्वतंत्र स्टँडवर ठेवणे केव्हाही चांगले. टेबलाचा गुळगुळीत पृष्ठभाग आवाज कानाकडे परावर्तित करतो आणि स्वतःही थरथरतो. स्टँड लोखंडी आणि पोकळ असतील, तर त्यांत कोरडी वाळू भरून घ्यावी.

बाजूच्या भिंतींवरच्या परावर्तनाची जागा शोधायला आरसा पुरतो. आपण खुर्चीवर बसावे, घरातल्या कोणाला तरी भिंतीला लावून आरसा डोक्याच्या उंचीवर सरकवत न्यायला सांगावे, आणि ज्या ठिकाणी आरशात मॉनिटर दिसेल तेथे पेन्सिलीने खूण करावी. दोन्ही भिंतींवर आणि जमल्यास छतावर त्या जागी शोषक फळ्या लावाव्यात. आपल्या खोल्यांची फरशी, विटांच्या गिलावा केलेल्या भिंती आणि स्लॅब हे सगळेच आवाज परतवणारे असते; रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की जी धातूसारखी झणझण ऐकू येते ती याचीच.

शोषकांच्या बाबतीत मात्र स्पष्ट बोलले पाहिजे, कारण येथे लोकांचे पैसे सर्वांत जास्त वाया जातात. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून काहीही साधत नाही. एक इंची फोमच्या टोकदार चौकटी वरचे स्वर तेवढे शोषतात आणि खालचे तसेच सोडतात, त्यामुळे खोली निर्जीव होते आणि घुमणे कायम राहते. पडद्यांचेही तेच. ६९ हर्ट्झच्या खर्जाची पाव तरंगलांबी सव्वा मीटर आहे, हे आठवले म्हणजे एक इंचाकडून काय अपेक्षा ठेवावी ते कळते. प्रतिघनमीटर ४८ किलो घनतेचे रॉकवूल, लाकडी चौकटीत, वरून सुती कापड ताणून, निदान दहा सेंटिमीटर जाड आणि भिंतीपासून तितकेच सुटे असे लावले तर खरा फरक पडतो. कोपऱ्यांत जमिनीपासून छतापर्यंत याहून जाड थर उभे करावेत. सुतार हे काम सहज करतो. रॉकवूल कापताना तोंडावर मास्क आणि हातमोजे घालावेत, कारण त्याचे तंतू अंगाला खाजवतात. खर्च टाळायचा असेल, तर नव्याने पिंजलेल्या कापसाच्या जाड गाद्या परावर्तनाच्या जागी उभ्या केल्या तरी मधल्या स्वरांवर चांगले काम होते; कोकणात आणि गोव्यात मात्र पावसाळ्यात कापूस ओल धरतो, तेथे रॉकवूलच बरे.

यानंतर ४० ते २०० हर्ट्झपर्यंतचा स्वर सावकाश चढवत न्यावा आणि खोलीत काय काय बोलते ते ऐकावे. लोखंडी कपाटाचे दार, खिडकीची ग्रिल, सरकत्या खिडकीची काच, ट्यूबलाइटची पट्टी: यांतले काहीतरी एखाद्या स्वरावर नक्की खणखणते. हा खणखणाट मिक्समध्ये नसतो, पण कान त्याला मिक्समध्ये धरतो. रबराचे तुकडे आणि फोमची पट्टी लावून तो बंद करावा. ऐकण्याच्या वेळी पंखा बंद असावा.

विजेची सगळी जोडणी एकाच बोर्डावरून घ्यावी आणि ध्वनीच्या तारा बॅलन्स्ड (बाहेरचा विद्युत गोंगाट खोडून काढणाऱ्या) असाव्यात, म्हणजे घरघर बहुधा येत नाही. घरघर घालवण्यासाठी तीन पिनी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची युक्ती काही जण सांगतात. ती जिवावर बेतू शकते, ती कधीही करू नये.

आवाजाची पातळी हा विषय आपल्याकडे फारच कमी बोलला जातो. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले, की कानाला खालचे स्वर हळू आवाजात प्रत्यक्षाहून फार कमी ऐकू येतात आणि आवाज वाढवला की ते वर येतात. म्हणून एका रात्री हळू आणि दुसऱ्या दुपारी मोठ्याने केलेले दोन मिक्स एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकी दूरचित्रवाणीच्या ए/८५ या शिफारशीत १५०० घनफुटांहून लहान खोलीसाठी प्रत्येक मॉनिटरमागे ७६ डेसिबल ही पातळी दिली आहे. आपली उदाहरणातली खोली ११४० घनफुटांची आहे. उणे २० डेसिबलचा (डिजिटल कमाल पातळीच्या २० डेसिबल खालचा) पिंक नॉइज, म्हणजे सर्व वारंवारिता असलेला सलग सरसर आवाज, एका वेळी एका मॉनिटरमधून वाजवावा, आवाजाचे मोजयंत्र ‘सी’ आणि ‘स्लो’ या सेटिंगवर ठेवून खुर्चीवर ७६ येईपर्यंत नॉब फिरवावा आणि त्या जागी खूण करावी. मोबाइलवरचे ॲप खरा आकडा दाखवेलच असे नाही, पण डावा आणि उजवा सारखे आहेत का, हे ते ठीक सांगते.

मोजमाप आणि इक्वलायझर मी मुद्दाम शेवटी ठेवतो. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर आणि स्वतःची कॅलिब्रेशन फाइल (त्या नगाचा दोष वजा करणारी नोंद) असलेला यूमिक-१ सारखा मायक्रोफोन एवढ्यावर खोलीचा आलेख काढता येतो. आलेखातला उंचवटा इक्वलायझरने खाली आणावा. खड्डा मात्र भरू नये. खड्ड्याच्या जागी सहा डेसिबल वाढवले, तर ॲम्प्लिफायरला चौपट शक्ती लागते, आणि भिंतीवरून येणारी उलटी लहरही तितकीच वाढत असल्याने खड्डा होता तेथेच राहतो. शिवाय या आकाराच्या खोलीत साधारण सव्वादोनशे हर्ट्झच्या खालीच खोलीचे एकेक स्वर सुटे दिसतात. त्याच्या बऱ्याच वर गेल्यावर आलेखातले बारीक दाते सपाट करत बसण्यात अर्थ नाही, कारण डोके इंचभर हलले की ते दाते बदलतात. आलेखाची उंची पाहून झाली, की आवाज विरायला लागणारा वेळही पाहावा. १०० हर्ट्झ इतरांपेक्षा लांब रेंगाळत असेल, तर डग्ग्याचा पुढचा बोल मागच्या बोलावर चढतो, आणि त्यावर कोपऱ्यांतल्या जाड थरांशिवाय उपाय नाही.

एवढे झाल्यावरही शेजारी एक लहान, बंद पेटीचा, एकटा स्पीकर असावा असे मला वाटते. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ साली घरगुती स्पीकर म्हणून आला आणि जगभरच्या स्टुडिओंमध्ये जाऊन बसला. त्याचा खालचा पल्ला तोकडा होता, मधले स्वर पुढे होते. पण बंद पेटीमुळे त्याचा आवाज चटकन थांबायचा आणि मधल्या पट्ट्यातली गर्दी तो लपवू देत नसे. २००१ साली त्याचे उत्पादन थांबले. ते काम आज कोणताही लहान बंद पेटीचा स्पीकर मोनोमध्ये करू शकतो: हार्मोनियम आणि गायक एकाच पट्ट्यात भांडत असतील, तर त्यावर ते लगेच उघड होते.

मांडणी समाधानकारक झाली, की स्टँडच्या आणि खुर्चीच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टी लावून ठेवावी, मागच्या बटणांच्या जागा वहीत लिहाव्यात आणि पुढचे काही आठवडे कशालाही हात लावू नये. या काळात आपण वर्षानुवर्षे ऐकत आलेली मैफलींची ध्वनिमुद्रणे त्याच खुर्चीवर, त्याच पातळीवर ऐकावीत. खोलीत नवे कपाट आले, दिवाण हलला किंवा खिडकी बदलली, तर टेप आणि तानपुरा पुन्हा काढावा.